अटॅचीतले वाद्य आणि कपाटातल्या कॅसेट

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अहमदाबादला आल्यापासून मी या मंचावर चढलो तो बहुतेक वेळा माईक दुरुस्त करायला. बोलायला प्रथमच उभा आहे, तेव्हा चुकभूल द्यावी घ्यावी.

१९८९ साली कंपनीने मला चार महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवले होते. एका रविवारी तिथल्या सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावले. जेवण झाल्यावर त्याने एक अटॅची आणून टेबलावर ठेवली. मला वाटले, आता फोटो दाखवणार. उघडून पाहतो तर आत गोल बटणांच्या रांगा, एक छोटी दांडी, झाकणात सपाट पट्ट्यांचा कीबोर्ड आणि मधोमध बारीक छिद्रांची चौकट. त्या वाद्याचे नाव ‘सिंथी एकेएस’.

त्यात तार नाही, भाता नाही, कातडे नाही. तीन ऑसिलेटर विजेच्या कंपनांतून स्वर निर्माण करतात. फिल्टर त्यातला तीव्रपणा छाटतो. स्प्रिंगवरून ध्वनी नेला की देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा येतो. माईक जोडून आपला आवाजही आत सोडता येतो. खरी गंमत त्या चौकटीत आहे. १६ आडव्या ओळी आणि १६ उभ्या, म्हणजे २५६ छिद्रे. आडव्या ओळीतून संकेत बाहेर पडतो, उभ्या ओळीतून दुसऱ्या भागात शिरतो. जिथे पिन खोचाल तिथे दोन भागांची गाठ पडते. एक ऑसिलेटर अगदी संथ करून दुसऱ्याला जोडला, की त्याचा स्वर आंदोलन घेऊ लागतो.

त्याआधी अमेरिकेत रॉबर्ट मूग यांचे सिंथेसायझर आले होते, पण ते कपाटासारखे मोठे आणि जुन्या टेलिफोन एक्स्चेंजप्रमाणे वायरींनी भरलेले. १९६९ साली लंडनला तिघांनी ईएमएस ही संस्था काढली. पीटर झिनोव्हिएफ मूळचे भूगर्भशास्त्रज्ञ. त्यांनी पत्नीचा लग्नातला रत्नजडित मुकुट विकून घरी संगणक आणला होता. ट्रिस्ट्रम कॅरी हे संगीतकार, महायुद्धात नौदलात रडारवर काम केलेले. आणि मंडलरचना करणारे इंजिनियर डेव्हिड कॉकरेल. त्यांचे पहिले वाद्य व्हीसीएस-३, किंमत सुमारे ३३० पौंड. १९७१ मध्ये तीच यंत्रणा अटॅचीत बसवली, ती ‘सिंथी ए’. १९७२ मध्ये झाकणात कीबोर्ड आणि स्वरावली लक्षात ठेवणारा सिक्वेन्सर आला, ती ‘एकेएस’. पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या ध्वनिमुद्रिकेत ‘ऑन द रन’ हा भाग आहे. त्यात जी आठ स्वरांची साखळी सुसाट धावते, ती याच अटॅचीतून निघालेली.

त्या दिवशी माझ्या यजमानाने वाद्य छान सुरात लावले. आम्ही चहा घेऊन परत आलो तर स्वर सरकलेला! उष्णता बदलली की हे ऑसिलेटर ढळतात. तो ओशाळला. मी म्हटले, “अहो, आमचा तंबोरासुद्धा मैफलीत उतरतो. गवई पुन्हा लावून घेतो.” त्याने पुन्हा कान लावला आणि बटण केसभर फिरवले. यंत्राचे संगीत म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो क्षण पाहायला हवा होता.

दुसरी खोड त्याहून मोठी. पिना काढल्या की तो आवाज गेला. तो परत बोलावण्याची सोय वाद्यात नव्हतीच. म्हणून कंपनीच छापील कोरे तक्ते देई. कोणती पिन कुठे, कोणते बटण किती अंशावर, हे पेन्सिलीने त्यावर टिपायचे. यजमानाकडे अशा कागदांची एक फाईल होती. मला वाद्यापेक्षा तीच मोलाची वाटली. वाद्य विसरते, तेव्हा माणसाने लिहून ठेवावे लागते.

१९७९ पर्यंत ती संस्था डबघाईला आली. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ निघाला. एक बटण दाबले की हवा तो आवाज तयार. पिना आणि पेन्सिल मागे पडल्या.

आता आपल्या गावाची गोष्ट. १९६९ मध्येच इथे पालडीला, एनआयडीत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, जिनराज जोशीपुरा, एस. सी. शर्मा यांनी त्यावर रचना केल्या. १९७२ नंतर ते काम विस्मरणात गेले. मी इतकी वर्षे त्या फाटकावरून स्कूटरने गेलो, पण मला पत्ता नव्हता. टेप मात्र संस्थेच्या संग्रहात टिकल्या होत्या. इंग्लंडमधले कलावंत पॉल पर्गस यांना त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचनांचा अल्बम निघाला. कोणीतरी त्या टेप फेकून न देता ठेवल्या, म्हणून सुमारे ५० वर्षांनी आपण त्या ऐकू शकतो.

हे सारे आज सांगण्याचे कारण आपल्या कार्यालयातले लोखंडी कपाट. गेल्या दिवाळीत साफसफाईला ते उघडले. खालच्या खणात उत्सवाच्या जुन्या कॅसेट निघाल्या. बऱ्याच जणींना बुरशी लागलेली, लेबले गळून पडलेली. एक चालली. तीत आपल्या बायकांचे भजन आहे आणि पेटीवर कोण, ते आम्हा चौघांपैकी एकालाही ओळखता आले नाही. ज्यांनी ओळखले असते, ते आता नाहीत.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी अशा कॅसेट असतील त्यांनी विसर्जनापूर्वी माझ्याकडे आणून द्याव्यात. त्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम मी करतो. पण यंत्र फक्त आवाज ठेवील. गाणारे कोण, साल कोणते, पेटी कोणी धरली, हे तुम्हालाच सांगावे लागेल. दाराशी टेबलावर मी कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. जाताना दोन ओळी लिहून जा.

गणपती बाप्पा मोरया!