ध्वनिसंचातील हमिंग आणि अंगणातला अर्थिंगचा खड्डा

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा आणि ५० हर्ट्झचा असतो, म्हणजे तारेतील प्रवाह एका सेकंदात पन्नास आवर्तने पूर्ण करतो. गाणे लावलेले नसतानाही ध्वनिसंचातून जो खालच्या पट्टीतला अखंड आवाज येत राहतो, आणि ज्याला दुरुस्ती करणारे कारागीर ‘हमिंग’ म्हणतात, तो या आवर्तनांचा किंवा त्यांच्या पटींचा आवाज असतो. अँप्लिफायरमधले डायोड एसीचे डीसी करताना प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे वापरतात, त्यामुळे त्याच्या आतील वीजपुरवठ्यातून निसटणारा आवाज १०० हर्ट्झचा असतो, तर केबलच्या किंवा अर्थिंगच्या वाटेने बाहेरून शिरणारा बहुधा ५० हर्ट्झचा आणि त्यावरच्या पटींचा असतो.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला हा दोष अधिक छळतो, आणि त्याचे कारण गणिताने दाखवता येते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्यावर खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला आणि पंचमाची सुमारे १०४ हर्ट्झला लागलेली असते. १०० हर्ट्झचे हमिंग तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या मध्ये, पंचमाच्या किंचित खाली पडते, आणि जवळजवळच्या दोन स्वरांतून निर्माण होणारी आंदोलने सेकंदाला सुमारे चार या गतीने ऐकू येऊ लागतात, म्हणजे उत्तम जुळवलेला तानपुराही उतरल्यासारखा वाटतो.

दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी आधी आवाजाची कळ शून्यावर आणावी. तरीही हमिंग तेवढेच राहिले, तर संशय अँप्लिफायरच्या आतील फिल्टर कपॅसिटरवर जातो. डीसीतील चढउतार सपाट करणाऱ्या या घटकातील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकतो आणि त्याची धारणक्षमता घटते. तो बदलणे हे जाणकार कारागिराचे काम आहे, कारण संच बंद केल्यावरही त्यात काही काळ भार साठलेला असतो. कळ फिरवताच हमिंग वाढत असेल, तर ते जोडलेल्या उपकरणांतून येते, आणि एकेक केबल काढून पाहिल्यास दोषी वाट उघडी पडते. ज्यांच्याकडे तबकड्या वाजवण्याचा टर्नटेबल आहे त्यांनी त्याची बारीक अर्थची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला जोडलेली आहे ना हे आधी पाहावे, कारण तिथला संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा असतो.

दूरचित्रवाणीचा सेट-टॉप बॉक्स, संगणक आणि अँप्लिफायर एकमेकांना जोडले की बऱ्याचदा ‘अर्थ लूप’ तयार होतो, म्हणजे दोन उपकरणे अर्थिंगला दोन वाटांनी जोडली जातात, त्या दोन ठिकाणांच्या विद्युतदाबात किंचित फरक असतो आणि त्या फरकाचा प्रवाह संकेताच्या केबलच्या जाळीतून वाहून आवाजात मिसळतो. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर आणावीत, आणि तेवढ्याने भागले नाही तर संकेताच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा किंवा शक्य असेल तिथे प्रकाशतंतूची केबल वापरावी, म्हणजे संकेत पुढे जातो आणि तांब्याची जोडणी तुटते.

डोणगावसारख्या, मेहकर तालुक्यातल्या गावात मात्र याच्याही आधी जमिनीकडे पाहावे लागते. हा सारा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे, लोणारचे विवरही याच खडकात आहे. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली पाषाण. ओली काळी माती वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपापासून सुटते, तर कोरडा खडक वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही. भारतीय मानक ३०४३ प्रमाणे पाइप किमान २.५ मीटर लांब असावा लागतो. जिथे तेवढ्या खोलीआधीच खडक लागतो, तिथे पाइप कापून आखूड करण्याऐवजी अर्थिंगची धातूची पट्टी आडवी पुरणे योग्य ठरते. संगणक आणि चार्जर यांच्या वीजपुरवठ्यात पुरवठ्याच्या तारा व धातूचा सांगाडा यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून झिरपणारा सूक्ष्म प्रवाह अर्थिंगमधून जावा अशी योजना असते. अर्थिंगची वाट तुटली की सांगाड्यावर पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब तरंगतो, हाताला झिणझिण्या येतात आणि तोच प्रवाह ध्वनीच्या केबलमधून वाट काढतो. लॅपटॉपचा चार्जर काढताच हमिंग थांबत असेल, तर हा दोष बहुधा असाच असतो.

हमिंग घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो, तो सपशेल चुकीचा आणि प्राणघातक आहे. आवाज काही वेळा थांबतोही, परंतु पुढे ट्रान्सफॉर्मरचे आवरण फुटून फेज सांगाड्याला लागला, तर फ्यूज उडवण्याइतका प्रवाह वाहायला वाटच उरत नाही, आणि संचाला हात लावणारे मूल ती वाट बनते. न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमध्येच जोडणे हेही तितकेच घातक, कारण न्यूट्रल कुठेही तुटला की सगळा सांगाडा जिवंत होतो. तोडायचाच असेल तर लूप संकेताच्या केबलमध्ये तोडावा. अर्थिंगची तार कधीही तोडू नये.

श्रोत्यांनी चैत्र संपण्याआधी आपल्या अंगणातील अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे, परवानाधारक वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा, मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच, बसवून घ्यावा, आणि त्यानंतरच नवी केबल किंवा नवा अँप्लिफायर विकत घेण्याचा विचार करावा.