अठराव्या वर्षानंतरचे पालकत्व

(अनुरक्षणगृहातील तरुणांचे मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह उघडले. मुलाला शाळेत नाव घालून भागत नाही, रात्री पाठ टेकण्यास जागा व दोन वेळचे अन्नही लागते, हे त्या काळच्या कार्यकर्त्यांनी ओळखले होते. आज मला बोलावयाचे आहे ते जागा मिळाल्यानंतरच्या प्रश्नाविषयी.

बालगृहातील मुलास अठरा वर्षे पूर्ण होताच बाहेर पडावे लागते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ ने अशांना आर्थिक साहाय्याची तरतूद केली आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत सहा ते आठ जणांनी मिळून राहावयाची तात्पुरती घरे आणि त्यांच्या नित्य संपर्कातील समुपदेशक सांगितला आहे. ही सोय एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्यापर्यंत. कायदा चांगला आहे. परंतु तो मुलाबरोबर तहसील कचेरीच्या रांगेत उभा राहत नाही.

ते काम तुमचे आहे. मी ते एकदा केले नाही.

अशाच एका घरातील मुलगा दर रविवारी माझ्याकडे येई व मी त्यास स्वावलंबनावर व्याख्यान देई. जातीच्या दाखल्यासाठी त्याच्याकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागण्यात आला. ज्याला बापाचे नाव केवळ ऐकून ठाऊक, त्याने आजोबांच्या शाळेचा दाखला कोठून आणावा? "अर्ज कर, मिळेल," एवढे सांगून मी मोकळा झालो. संकोचाने त्याने पुन्हा विचारले नाही आणि प्रवेशाची मुदत टळली. अनाथांना या राज्यात २०१८ पासून एक टक्का आरक्षण आहे. तो त्यात बसतो काय, हे पाहण्याचेही मला सुचले नाही. मी वकील आहे, हे येथे मुद्दाम सांगतो.

म्हणून उपदेश थोडा करा. प्रथम त्याची कागदांची पिशवी उघडून पाहा : जन्माचा दाखला, बालकल्याण समितीचा आदेश, बँकेचे पुस्तक. जे नसेल त्यासाठी स्वतः बरोबर जा. ही मुले कधी खोटे बोलतील, ठरल्या वेळी येणार नाहीत. रागावू नका असे मी म्हणत नाही. रागवा, पण पुढच्या रविवारी जा. सोडून जाणारी माणसे त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.

ज्यांना सलग दोन वर्षे असा वेळ देणे शक्य नाही, त्यांनी आजच नाव मागे घ्यावे. त्यात कमीपणा नाही. नोंदवही दारापाशी ठेवली आहे.