पूर ओसरल्यावर बोलावे
(उत्सवातील पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. जलसंसाधन खात्यात सब-इंजिनिअर आहे आणि एडीएचडी असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचा बाप आहे. त्या नात्याने जे शिकलो तेवढेच सांगतो.

एडीएचडी म्हटले की आपल्याला चुळबुळ आणि विसराळूपणा आठवतो. घरात मात्र खरी दमछाक होते ती रागाने. खेळात हरला की पट उधळला, मोबाईल ठेव म्हटले की दार आपटले. लोक म्हणतात, लाडावलाय. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की या मुलांच्या मेंदूच्या बाह्य थराची वाढ सरासरी तीन वर्षे मागे असते. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता, आणि मनाला आवर घालण्यात त्याच भागाचा मोठा वाटा असतो. तेव्हा "एवढा घोडा झालास तरी" असे म्हणून उपयोग नाही.

पूर आलेला असताना आमच्या खात्यात कोणी कालव्याची दुरुस्ती काढत नाही. मूल भडकलेले असताना उपदेशही करू नये. आवाज खाली ठेवून एवढेच म्हणावे, "तुला राग आलाय. मी इथेच आहे." मारहाण, मोडतोड तेवढी थांबवावी. बाकीचे बोलणे पूर ओसरल्यावर. मोठ्या मुलांशी तर एकांतातच, चारचौघांत कधीच नाही. मोबाईल काढून घेण्याआधी दहा मिनिटे सांगून ठेवावे. झोप आणि जेवण वेळेवर असावे. राग आवरला तर त्याच दिवशी शाबासकी द्यावी. औषध द्यायचे की नाही, हे डॉक्टरांना विचारावे, शेजाऱ्यांना नव्हे.

आता मंडळाकडे एक मागणी. ढोल-ताशे, गर्दी, जागरण यांत अशा मुलांचा तोल लवकर जातो. तालमीत एकदा भडकला म्हणून कुणाला बालनाट्यातून काढू नका. त्याच्या हाती पडद्याची दोरी द्या, आरतीला झांजा द्या, मंडपामागे शांत बसायला एक खुर्ची द्या. आपल्या पणजोबांनी परमुलखात हे मंडळ उभे केले, ते आपले माणूस एकटे पडू नये म्हणून. आपल्यातलेच एक मूल आज एकटे पडू नये.

गणपती बाप्पा मोरया!