घरातील वृद्धांचे दुखणे कामावरून ओळखा
(खरीप पूर्वतयारी मेळाव्यातील भाषण)



बियाणे, बीजप्रक्रिया आणि खते यांबद्दल आपण सकाळपासून ऐकत आहात. माझा विषय तणनियंत्रण आहे. परंतु सुरुवात मी घरातील वडीलधाऱ्यांपासून करणार आहे.

मागील खरिपात सोयाबीनचे प्रात्यक्षिक पाहण्यासाठी एका गावी गेलो होतो. घरचे आजोबा म्हणाले, "गुडघ्यांनी घात केला. दोन वर्षं झाली, औत सोडलं." आजींना विचारले, तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? सगळं करते मी." थोड्या वेळाने त्या निंदायला बसल्या. एक पाय लांब पसरलेला, आणि जागा बदलताना दर वेळी हात जमिनीला टेकून उठत होत्या. "असं कधीपासून?" असे विचारले, तेव्हा म्हणाल्या, "झाली की तीन-चार वर्षं." दुखणे आजींचे जुने होते, पण घराच्या दृष्टीने आजारी होते ते फक्त आजोबा.

असे का होते? पुरुषाचे औत सुटले की सर्वांना दिसते. बाईचे काम सुटत नाही. ती बसण्याची पद्धत बदलते, सावकाश करते, पण करते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ त्यात जात असल्याचे आढळले. या कामाला सुटी नाही.

पाहण्यांमधील प्रश्नही पुष्कळदा अपुरा पडतो. अमेरिकेत १९९२ पासून चालू असलेल्या वृद्धांच्या पाहणीत प्रकृतीमुळे मजुरीच्या कामावर मर्यादा येते का, असे विचारतात. जिला मजुरीच नाही, तिला हा प्रश्न आपला वाटत नाही. याउलट आपल्या देशात २०१७-१८ मध्ये ७२ हजारांवर व्यक्तींची पाहणी झाली. तीत आंघोळ, उठबस अशी रोजची कामे एकेक करून विचारली, तेव्हा साठीपुढील स्त्रियांनी पुरुषांपेक्षा अधिक प्रमाणात अडचणी सांगितल्या. नेमके विचारले की नेमके उत्तर मिळते.

पुरुष सगळे सांगतात असेही नाही. चालताना दम लागणे, छातीत कळ येणे हे "वय झालं" म्हणून अंगावर काढले जाते.

तेव्हा या खरिपात पुढील गोष्टी कराव्यात :

१) "तब्येत कशी आहे?" एवढेच विचारू नका. खाली बसून उठताना हात टेकावा लागतो का? भरलेली बादली उचलते का? एक ओळ निंदताना कितीदा थांबावे लागते? बांध चढताना दम लागतो का? हेच प्रश्न आई आणि वडील दोघांनाही विचारा. गेल्या वर्षीपेक्षा फरक पडला का, तेही पाहा.

२) सोयाबीनचे पीक पेरणीनंतर पहिले ३० ते ४५ दिवस तणमुक्त ठेवावे लागते. त्या दिवसांतील मजुरांचा हिशेब करताना आईला पूर्ण मजूर धरू नका. ती मध्येच अंथरुणाला खिळली, तर पीकही तणात जाते. सायकल कोळपे किंवा लांब दांड्याची अवजारे वापरा. बसून उठण्याचे काम कमी होईल. धान्य, बियाणे निवडण्यासाठी उंच बैठक द्या.

३) डॉक्टरांना केवळ "गुडघा दुखतो" असे सांगू नका, कोणते काम होत नाही ते सांगा. छातीत कळ आली तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण आहे. आईचे कार्डही वडिलांच्या बरोबरच काढा.

बैल लंगडला तर आपण त्याच दिवशी खूर पाहतो. घरातील माणसाची चालही तेवढ्याच बारकाईने पाहावी, एवढीच विनंती करून थांबतो.