मंत्राने येणारे शस्त्र

श्रोतेहो, बहादरपूर-बऱ्हाणपूरकडे अशी समजूत आहे की, उत्तरेच्या असीरगडावरील शिवमंदिरात अश्वत्थामा आजही पहाटे फूल वाहून जातो. मला कुतूहल वाटते ते त्याच्या अस्त्रविद्येचे.

२०११ साली निघालेल्या ‘स्कायरिम’ या संगणकीय खेळात मंत्र टाकताच मुठीत तलवार अवतरते. तिला वजन नसते; खर्ची पडते ती खेळाडूची मंत्रशक्ती. १२० सेकंद लोटले, अथवा ती म्यान केली, की ती आपोआप नाहीशी होते. परत पाठविण्याची विद्या निराळी शिकावी लागत नाही. नातवंडांना विचारून पाहा, त्यांना यात काहीच नवल वाटणार नाही!

सौप्तिकपर्वात मात्र खरी परीक्षा आहे ती आवरण्याचीच. अश्वत्थाम्याने गवताची काडी मंत्रून ब्रह्मशिर अस्त्र सोडले. अर्जुनानेही तेच सोडले. व्यास-नारद मध्ये पडताच अर्जुनाने आपले मागे घेतले, कारण त्याच्यापाशी ब्रह्मचर्याचे बळ होते. अश्वत्थाम्यास ते साधेना. द्रोणांनी पुत्राला हे अस्त्र दिले होते तेही मनाविरुद्धच. अखेर त्याने ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर वळविले, मस्तकावरील मणी गमावला आणि कृष्णाच्या शापाने ३,००० वर्षांच्या एकाकी भटकंतीस निघाला. उत्तरेच्या पोटी परीक्षित मृत जन्मला. त्याला कृष्णाने उठविले.