गव्हाणीतून आलेला रोग



 आज ज्या रोगांविषयी बोलावयाचे मी योजिले आहे त्यांचे स्वरूप असे, की ते जनावराच्या अंगात वर्षानुवर्षे मुके राहतात, आणि जेव्हा प्रकट होतात तेव्हा ते कोणत्या वाटेने आले हे केवळ जनावर तपासून सांगता येत नाही. सांगू शकते ते दफ्तर, आणि तेही कोणी इमानाने राखले असेल तरच.

मेंढ्यांचा ‘स्क्रेपी’ हा या कुळातील वडील रोग. इंग्लंडात त्याची नोंद १७३२ पासून सापडते. रोगी मेंढी कुंपणाच्या खांबाला अंग घाशीत राहते, लोकरीचे पुंजके तारेला लोंबतात, खालची कातडी सोलवटते; आणि तिच्या कमरेवर आपण बोटांनी खाजविले, की ती मान उचलून रिकाम्या हवेत ओठ चाळवू लागते, जणू न दिसणारा पालाच खुडते आहे. पुढे मागचे पाय लटपटतात, जनावर बसते, आणि मग उठत नाही. शवविच्छेदनात नुसत्या डोळ्यांना काहीच गवसत नाही. मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला म्हणजे मात्र आंबोळीला पडावी तशी जाळी पडलेली दिसते.

१९३६ मध्ये तुलूझ येथील क्युइये आणि शेल यांनी रोगी मेंढीचा मज्जारज्जू निरोगी मेंढ्यांच्या डोळ्यांत टोचून, आणि वर्षाहून अधिक काळ धीराने थांबून, हा रोग संक्रामक असल्याचे दाखविले. त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये ‘लूपिंग इल’ या गोचिडांपासून होणाऱ्या निराळ्याच रोगावर मेंढ्यांच्या मेंदूपासून लस तयार झाली होती; फॉर्मॅलिनचा संस्कार होऊनही तिच्या एका घाण्यात स्क्रेपीचे बीज शिल्लक राहिले, आणि टोचलेल्या कळपांतील शेकडो मेंढ्या पुढे त्या रोगाने दगावल्या. तो हात पशुवैद्याचा होता, हेतू निर्मळ होता. आणि कोणत्या कळपास कोणती लस दिली याची टिपणे होती, म्हणूनच तो दोष लसीपर्यंत पोहोचविता आला.

फॉर्मॅलिनला, उष्णतेला, किरणोत्साराला न जुमानणारे हे बीज आहे तरी काय? टिक्वा आल्पर या विदुषीने १९६० नंतरच्या दशकात दाखविले, की न्यूक्लिइक आम्लाचा नाश करणाऱ्या किरणांनीही त्याचा नाश होत नाही. आणि १९८२ मध्ये स्टॅनली प्रुसिनर यांनी त्याला ‘प्रियॉन’ हे नाव देऊन, हे केवळ प्रथिन आहे, असे प्रतिपादन केले, ज्याबद्दल प्रथम त्यांना कठोर विरोध आणि १९९७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्रथिन परके नव्हे; ते प्रत्येक निरोगी गायीच्या, मेंढीच्या आणि माणसाच्या चेतापेशीवर असतेच. द्रव्य तेच, अमिनो आम्लांचा क्रम तोच, बिघडलेली असते ती फक्त घडी. आणि घडी चुकलेला एक रेणू शेजारच्या सरळ रेणूला लागला, की तोही तशीच घडी घेतो. शरीराला त्यात शत्रू ओळखू येत नाही, म्हणून ताप येत नाही, प्रतिपिंडे तयार होत नाहीत.

आता गायींकडे वळू. नोव्हेंबर १९८६ मध्ये वेब्रिज येथील सरकारी प्रयोगशाळेने इंग्लंडातील दुभत्या गायींत असाच जाळीदार मेंदू ओळखला; गोठ्याच्या दारात बुजणारी, धार काढताना लाथ झाडणारी, ओल्या फरशीवर मागून कोसळणारी ती गाय पुढे साऱ्या जगाने पाहिली. परंतु कारण सापडले ते सूक्ष्मदर्शकातून नव्हे. जॉन वाइल्समिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगग्रस्त कळपांच्या मालकांना लस, औषधे, कीटकनाशके, मेंढ्यांचा शेजार अशी एकेक बाब विचारून बाद केली, आणि १९८७ च्या अखेरीस सर्वत्र समान अशी एकच बाब उरली: वासरांच्या खुराकात मिसळलेले मांस-अस्थिचूर्ण. रवंथ करणाऱ्या प्राण्याला त्याच्याच मेलेल्या जातभाईंचे चूर्ण, स्वस्त प्रथिन म्हणून, चारले जात होते. मेलेल्या गायीतील बीज कारखान्यातून पुन्हा गव्हाणीत येत होते.

जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना असे चूर्ण चारण्यावर बंदीचा हुकूम निघाला. तरीही रोगाचा कळस १९९२ साली झाला, आणि त्या एका वर्षात ३६ हजारांहून अधिक गुरे रोगी ठरली. बंदीपूर्वी बाधलेल्या वासरांत रोग सरासरी पाच वर्षांनी दिसावयाचा, हे एक कारण. परंतु बंदीनंतर जन्मलेली ४० हजारांहून अधिक गुरेही पुढे रोगी निघाली, हे मला अधिक बोचते. डुकरांच्या व कोंबड्यांच्या खाद्यात ते चूर्ण चालू होते, गिरणी तीच होती, आणि बाधित मेंदूचा एक ग्रॅमहून कमी अंश वासराला पुरेसा होता. हुकूम कागदावर पाळला गेला. गिरणीच्या पात्यांत आणि पोत्यांत त्याची अंमलबजावणी १९९६ मध्ये ते चूर्ण सर्वच पशुखाद्यातून हद्दपार होईपर्यंत अपुरी राहिली. त्याच वर्षी २० मार्च रोजी ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात कबूल केले, की हा रोग माणसांपर्यंत पोहोचला असण्याचा संभव आहे. ब्रिटनमध्ये त्याने पुढे १७८ माणसांचे प्राण घेतले, ज्यांत तरुणांचा भरणा मोठा होता.

मेंढ्यांत या बीजाच्या प्रसाराला कारखानाही लागत नाही. व्यालेल्या मेंढीची वार जेथे पडते ती भूमीच दूषित होते. आइसलँडमध्ये कळप कापून, गोठे धुऊन, वर्षे रिकामी ठेवून नवी मेंढरे आणली, तरी एका वाडीवर किमान १६ वर्षांनंतर रोग परतल्याचे आढळले आहे.

आपल्या देशात गायींचा हा रोग नोंदलेला नाही. सरकीची व भुईमुगाची पेंड आणि भुसा यांवर आधारलेल्या आपल्या आंबोणाचा त्यात वाटा असावा. तथापि हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत स्क्रेपी आढळल्याचे वृत्त १९६१ मध्येच प्रसिद्ध झाले होते, हे विसरता कामा नये. म्हणून पशुवैद्यकांच्या या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो: पिसाळल्याच्या संशयाने प्रयोगशाळेत आलेला आणि त्या तपासणीत निर्दोष ठरलेला गायीम्हशींचा मेंदू फेकून न देता, त्याच्या लंबमज्जेचा काप घेऊन, फॉर्मॅलिनने हे बीज मरत नाही ही खबरदारी बाळगून, तो जाळीसाठी तपासावा; आणि त्या जनावराच्या कानातील बारा अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासमोर त्याचे वय, त्याचा मूळ गोठा आणि त्याने खाल्लेल्या खुराकाची गिरणी यांची नोंद करून ती वही किमान दहा वर्षे जपून ठेवावी.