गंडीपेटचं पाणी

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात कुणी पाण्यावर बोलायला उभं राहिलं की विसर्जनाचा विषय निघणार, हे ठरलेलंच. तो आधीच संपवतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात लवकर विरत नाही, तिच्या रंगांत शिसं, क्रोमियम असू शकतं. २०२०च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांनुसार अशी मूर्ती चालत नाही. शाडूची मूर्ती आणा, बादलीत विसर्जन करा, माती कुंडीत घाला. झालं. पण हुसेनसागर गणपतीनं बिघडवला असं जे म्हणतात, ते मला मान्य नाही. गणपती वर्षातून दहा दिवस येतो, नाला तीनशे पासष्ट दिवस वाहतो.

ज्यानं एकदा गंडीपेटचं पाणी चाखलं तो हैदराबाद सोडत नाही, असं इथले जुने लोक म्हणतात. आपले आजे-पणजे मराठवाड्यातून नोकरीला, शिकायला म्हणून आले आणि इथलेच झाले, तेव्हा त्यात तथ्य असावं! गंडीपेट म्हणजे उस्मानसागर. २८ सप्टेंबर १९०८ला मुसीला महापूर आला, हजारो माणसं गेली. त्यानंतर सरकारनं विश्वेश्वरय्यांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, पूर शहरात अडवू नका, शहराच्या वर अडवा. त्यातून १९२०मध्ये मुसीवर उस्मानसागर आणि १९२७मध्ये ईसीवर हिमायतसागर झाला. पुरासाठी बांधलेल्या या दोन तलावांनी पुढं शहराची तहान भागवली. उस्मानसागरचं पाणी आसिफनगरच्या गाळण केंद्रात येतं, हिमायतसागरचं मीर आलमच्या. दोन्ही उतारानं, पंपाशिवाय. आज आपण कृष्णेचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरून उचलून आणतो, गोदावरीचंही तसंच. त्याचं विजेचं बिल कुणी भरायचं ते सांगायला नको.

आता हुसेनसागर. १५६२चा तलाव. साधारण १९३०पर्यंत शहर त्याचंही पाणी पीत होतं. टँक बंडवरून जाताना नाकाला रुमाल लावणाऱ्या आपल्या नातवंडांना हे सांगा, त्यांना खोटं वाटेल. कुणी एका रात्रीत त्यात विष कालवलं नाही. बांध तोच राहिला, पाऊसही तोच. बदललं ते तलावाच्या वरचं रान. तिथं वस्त्या वाढल्या, बालानगर-जीडीमेटलाकडे कारखाने उभे राहिले आणि कुकटपल्लीचा ओढा नाला झाला. उघड्या तलावाला झाकण नसतं. मैलोन्मैल पसरलेल्या उतारावर जे पडतं ते पहिल्या पावसात त्याच्याकडेच येतं.

यावर हमखास विचारलं जातं, "गाळण केंद्र आहे ना?" आहे. पण ते काय करतं ते पाहा. तुरटी टाकली की गढूळपणाचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. उरलेले वाळूत अडकतात. शेवटी क्लोरीन जंतू मारतं. हा सगळा बेत पावसाच्या, मातीनं गढूळ झालेल्या पाण्यासाठी आहे. पाण्यात विरघळलेलं नायट्रेट, क्षार, कारखान्यातली रसायनं वाळूला दिसतही नाहीत. सांडपाण्यातून आणि कपडे धुण्याच्या पावडरीतून फॉस्फरस आला की शेवाळ माजतं. निळं-हिरवं शेवाळ पाण्याला मातकट वास आणतं, त्यातलं काही विषारीही असतं आणि वाळूचे थर चोंदवतं ते वेगळंच. मग क्लोरीन वाढवावं, तर पाण्यातल्या सेंद्रिय घाणीशी त्याचा संयोग होऊन नवी अपायकारक द्रव्यं तयार होतात. म्हणजे तलाव जितका घाण, तितका इलाजही महाग आणि इलाजाचाही त्रास. घरी आरओ बसवला म्हणून निश्चिंत असणाऱ्यांना एवढंच विचारतो, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी आहे का तो?

हुसेनसागरचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं म्हणूनच ८ मार्च १९९६ला सरकारनं १११ क्रमांकाचा आदेश काढला. दोन्ही जलाशयांच्या पूर्ण पातळीपासून दहा किलोमीटरच्या परिसरातल्या ८४ गावांत प्रदूषण करणारे कारखाने, मोठी हॉटेलं, वसाहती यांना बंदी. एरंडेल तेलावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याला यातून सूट द्यावी, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०००मध्ये न्यायालयानं सूट नाकारली. धोका नाही हे कारखाना काढू पाहणाऱ्यानं दाखवायचं, तलावानं आजारी पडून धोका सिद्ध करायचा नाही, हे तत्त्व याच खटल्यात ठामपणे मांडलं गेलं.

एप्रिल २०२२मध्ये सरकारनं निर्बंध उठवणारा आदेश काढला. कारण असं की शहराला आता या तलावांतून अगदी थोडंच पाणी लागतं. हा हिशेब मला पटत नाही. पंप बंद पडला, कृष्णा आटली, तर उतारानं येणारं पाणी हेच. मात्र त्या ८४ गावांतल्या शेतकऱ्याचं म्हणणं खोटं नाही. रस्त्याच्या अलीकडच्या जमिनीला सोन्याचा भाव आणि पलीकडे त्याच्या जमिनीला काही नाही, तेही शहरानं पाणी प्यावं म्हणून. न्यूयॉर्क शहरानं १९९७मध्ये आपल्या तलावांवरच्या गावांशी करार केला. शेणखताची सोय, सेप्टिक टँकची दुरुस्ती यांचा खर्च शहरानं उचलला, कारण नवं गाळण केंद्र बांधण्यापेक्षा ते स्वस्त होतं. आपल्याकडे बंदी घातली, मोबदला दिला नाही. बंदी टिकवणं जड गेलं त्याचं हे एक मोठं कारण, असं माझं मत आहे.

आता थोडं अवघड बोलतो. मोईनाबाद, चेवेल्ला, शंकरपल्ली, शमशाबाद या बाजूला प्लॉट घेतलेले किंवा घेऊ पाहणारे या सभागृहातही असतील. घेऊ नका असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कोण ऐकतंय! पण बिल्डरला स्विमिंग पूल किती फुटांचा हे विचारता, तेव्हा आणखी तीन गोष्टी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. मैला कुठं जाणार? शुद्धीकरण केंद्र असेल तर ते रोज चालवायचा खर्च सोसायटी हाती आल्यावर कोण करणार? आणि सेप्टिक टँक उपसणारा टँकर रात्री कुठल्या ओढ्याकाठी रिकामा होतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बिल्डर देणार नाही. ते गावात चहाच्या टपरीवर मिळेल.